तळाचा सांधा

"आणि एकच सांधा कच्चा ठेवला तर, बुवा?"

सावळारामबुवा खाडीकाठी फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठला सांधा, बाळा?"

"बोटीचा. तळाचा. उद्या माझ्याच हातून व्हायचाय."

भार्गव पाडयाळ पलीकडच्या गोदीत वेल्डर. गोदीत एका परमुलखाच्या सरकारसाठी गस्तीच्या बोटी बांधायचं काम चाललेलं. भार्गवसारखा हात सगळ्या गोदीत नाही, असं लोक म्हणायचे. त्यांच्या आधी तो स्वतः म्हणायचा.

"तपासायला माणसं असतील की रे."

"असतात ना. पण काम माझं म्हटलं की मान डोलावतात नि पुढं जातात."

बुवांनी एक आठळी त्याच्या हातावर ठेवली. "खा आधी. उपाशी पोटी वाईट कामसुद्धा धड होत नाही."

भार्गवनं ती तशीच मुठीत धरली.

"ह्याच सरकारच्या गस्तीनं माझ्या बापाला धरला, बुवा. वाऱ्यानं होडी हद्दीपलीकडं गेली, एवढाच काय तो गुन्हा. हात बांधले, बोटीच्या तळाशी कोंबला नि नेला. अजूनही सापडेल त्याला असंच नेतात. सुटून आला तो माझा बाप नव्हेच. अजून झोपेत मनगटं चोळतो... त्यांच्यासाठी मी पक्की बोट बांधू?"

बुवांनी आठळ्या बाजूला सारल्या.

खाडीला भरती चढत होती.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. "हात पुढं कर."

लेकराला टोपरं बांधावं तशा मायेनं त्यांनी त्याची मनगटं बांधली. गाठ मात्र पक्की मारली.

"हे काय, बुवा?"

"चल, पाण्यात."

बुवांपुढं नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो उतरला. मागोमाग धोतर खोचून म्हातारा.

कमरेला पाणी लागलं. छातीला लागलं.

"आणखी पुढं."

पायाखालचा चिखल सरकला. खारं पाणी नाकातोंडात गेलं. बांधलेले हात काही केल्या मोकळे होईनात.

"बुवा! बुडतोय मी... बुवा!"

बुवांनी त्याची मानगूट घट्ट धरली होती. आईनं पोराकडं बघून हसावं तसे ते हसले.

"तू कसा बुडशील, वेड्या? कच्चा सांधा तर त्यांच्या बोटीला आहे."