गुरुजींच्या तोंडातली सुपारी

पिंपळदरी गावात त्रिंबकपंत नावाचे एक मायाळू गुरुजी होते. पाढे म्हणताना एखादं मूल अडलं, की त्यांचा जीव कासावीस होई. मग पुढचा आकडा ते स्वतःच सांगून टाकत.

त्यांच्या वर्गात येसू नावाची मुलगी होती. सतराच्या पाढ्यात ती रोज सातावर अडे आणि गुरुजी रोज तो आकडा पुरवत. तिचा बाप धोंडजी एकदा हे दारातून ऐकून म्हणाला, "गुरुजी, दसऱ्याच्या पाटीपूजनाला हिनं हा पाढा गावासमोर एकटीनं म्हणावा. नाही आला, तर शेळ्या राखायला जाईल."

गुरुजींना घास गोड लागेना. त्याच सुमारास शहरात मेंदूचा अभ्यास करणारी त्यांची भाची अनसूया घरी आली. एक दिवस वर्गात बसून ती म्हणाली, "मामा, धडपडून आठवलं तरच मेंदूत ती वाट रुळते. येसूनं पाऊल उचललं, की तुम्ही तिला कडेवर घेता!"

"पोर अडलेली बघवत नाही गं."

"पोरीसाठी बघवत नाही, की गुरुजींची शोभा होते म्हणून?"

गुरुजींना हे लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पाढे सुरू झाले, की ते तोंडात अख्खी सुपारी धरू लागले. येसू अडे, बोटं मोजे, चुके, पुन्हा मोजे. कधी जमे, कधी नाही. आपण पोरीचं नुकसान तर करत नाही ना, ही शंका गुरुजींना रोज कुरतडे.

दसरा उजाडला. शाळेच्या अंगणात गाव जमलं. येसू सहापर्यंत घडाघडा आली. "सतरा साते..." म्हणाली आणि थांबली.

"अडलं गाडं!" कुणीतरी हसलं. धोंडजी उठू लागला. येसूने गुरुजींकडे पाहिलं. आकडा त्यांच्या अगदी जिभेवर होता. त्यांनी सुपारी इतकी जोरात चावली, की कडकन आवाज झाला. पण ते बोलले नाहीत.

येसूने डोळे मिटले. तिची बोटं हलली. "एकशे दोन... त्यात सतरा... एकशे एकोणीस!" पुढचा पाढा तिने न थांबता संपवला.

धोंडजी खाली बसला. "इतके दिवस गुरुजींचाच आवाज ऐकला," तो म्हणाला. "पोरीचा आज ऐकला. शेळ्यांचं मी बघतो."

गुरुजींनी तोंडातले तुकडे तळहातावर घेतले. त्यांत एक दाताचाही होता. तरी ते हसले.

तात्पर्य: शिकणाऱ्याची आठवण्याची धडपड हिरावून घेऊ नये, मायेने पुरवलेल्या उत्तरापेक्षा मायेने धरलेला धीर त्याला जास्त शिकवतो.