मुरमाच्या खाणीवरची हौसाक्का

घाटाखालची सडक अजून पायवाट होती, त्या काळची ही गोष्ट. निंबळवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात हौसाक्का नावाची बाई होती. गावात शांत माणसं पुष्कळ होती, हौसाक्का त्यांतली नव्हती. असं म्हणतात, ती ओरडली की ओढ्यापलीकडच्या बाभळींवरचे बगळे उडायचे.

संस्थानाला सडक बांधायची होती, सडकेला मुरूम हवा होता, आणि चांगला मुरूम सापडला तो नेमका निंबळवाडीच्या शेतांखाली. वर हातभर काळी माती, खाली मुरूमच मुरूम. खाणीवर दौलतराव नावाचा मुकादम आला. तो म्हणाला, "मुरूम संपला की जमिनी तुमच्या तुम्हाला परत." लोक खूश झाले. हौसाक्काचं मात्र डोकं फिरलं. तिच्या माहेरी अशीच खाण झाली होती. तिथली काळी माती टाकाऊ दगडधोंड्यांत गेली, मागं नुसता खड्डा राहिला, त्यात कुसळही उगवलं नाही. तिचे भाऊ घराला कडी लावून जे गेले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

"खड्डा परत घिऊन त्यात पवायचं का?" ती पारावर जमलेल्या माणसांवर खेकसली. "आधी काळी माती काढा. येगळी ठेवा. तिच्यात मुरमाचा खडा जायचा न्हाई!"

"आक्का, माती ती मातीच," मुकादम हसून म्हणाला. "कुठंबी टाकली म्हणून काय बिघडतंय?"

"मग तुमच्या ताटात टाकते!" आक्का म्हणाली, आणि फावडं घेऊन खाणीच्या तोंडाशी बसली. ती उठेना, तेव्हा मुकादमानं हात टेकले.

लोकांनी माती काढायला घेतली, पण कशी? ओलीच. आक्का किंचाळली, "कणीक मळताय का? वाळू द्या की तिला!" माती वाळली, तेव्हा लोकांनी तिचा डोंगर रचला. "तळातल्या मातीचा जीव गुदमरतोय," म्हणत तिनं तो कमरेइतका खाली आणायला लावला. वाऱ्यापावसानं माती जाऊ नये म्हणून तिनं ढिगावर ताग पेरला. ताग वीतभर वाढला, तोच शेरडं चरून गेली. पुन्हा पेरला. मग कुणी भिंती लिंपायला माती नेली, कुणी विटांना नेली, आणि पाटलीणबाईंनी तुळशीसाठी म्हणून टोपलीभर नेली. आक्कानं कपाळावर हात मारला.

"ह्यांच्यासाठीच राखतेय, आणि हीच चोरत्यात! आता मी माणसांवर वरडू का शेरडांवर?"

ती दोघांवरही ओरडली. खाण चालली तितकी वर्षं ओरडत राहिली.

एका आषाढात ओढा फुगला आणि थेट मातीवर चालून आला. गाव उंचावर पळालं. आक्का ढिगावर चढली, पदर खोचला आणि पाण्यावरच डाफरली, "तूबी आलास व्हय? तुला तरी कळाय नको?" तिनं ढिगाभोवती खोल चर खणून ठेवला होता, त्यातून पाणी वळलं असेल. पण असं म्हणतात की ओढा ओशाळला आणि आल्या वाटेनं मागं गेला.

मुरूम संपला, मुकादम गेला. गावानं खाणीचे कडे तासून उतार केला, टाकाऊ दगड तळाशी घातला. माती पसरायची वेळ आली, तेव्हा दमलेली माणसं पाट्या कशाही ओतू लागली. आक्काचा घसा पुन्हा सुटला. अखेर शेवटची पाटी पसरून झाली. हौसाक्का बांधावर बसली आणि गप्प झाली. दिवसभर ती कुणावरच ओरडली नाही. गाव इतकं घाबरलं की वैद्याला बोलावणं धाडलं.

पुढं त्या रानात ज्वारी आली, उंटावरचा माणूस दिसणार नाही इतकी उंच. कणसं भरली असताना आत शेरडं शिरली. "मेल्यांनो!" म्हणत आक्का काठी घेऊन मागोमाग गेली. शेरडं बाहेर आली, आक्का आली नाही. गावानं ज्वारीचं ताट न् ताट हुडकलं, पण ती सापडली नाही. असं म्हणतात की त्या रानात आजही जनावर घुसत नाही.

आजही निंबळवाडीत घराचा पाया खणा, विहीर खणा, वरची माती आधी बाजूला निघते. त्या ढिगाला तिथं माती म्हणत नाहीत, आक्का म्हणतात. "आक्का उचलली का? आक्कावर ताग टाकला का?" असं गवंडीसुद्धा विचारतो. आणि चुकून कुणाचा पाय त्या ढिगावर पडला, तर गावातलं जे कुणी जवळ असेल, ते त्याच्यावर जोरात ओरडतं. हळू सांगितलेलं तिथं चालत नाही.