हिवरखड्याच्या संघाला मार्गदर्शक मिळाला

हिवरखडा नावाच्या गावात शिदू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती भोळा? सांगाल तेवढंच करणारा, आणि सांगाल तसंच करणारा. गावाच्या कबड्डी संघासाठी तो मैदानावर फक्कीच्या रेघा मारायचा. जगात तेवढं एकच काम त्याला सरळ जमत होतं, म्हणून मैदानावर त्याचा फार जीव.

त्या वर्षी संघाचे जुने वस्ताद लेकीकडे राहायला गेले. संघ चार वर्षं हरतच होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! सरपंचांनी बजावलं, "यंदा जत्रेतला सामना हरलात तर संघ बंद. मैदानावर कांदाचाळ बांधणार."

शिदूला वेगळीच काळजी लागली. चाळीत रेघा कुठे मारायच्या?

संघाचे अध्यक्ष केरबाआण्णा म्हणाले, "पोरं सरावात हायती. शिदू, तूच जा. शेजारच्या गावचे नाईकवडी मास्तर मार्गदर्शक म्हणून आपल्याकडं यायला राजी हायत. लाजू नको. दारातनंच खणखणीत आवाजात काम सांग."

"सांगतो की," शिदू म्हणाला आणि सायकलवर बसला.

मास्तरांच्या अंगणात मांडव होता. त्यांचा जुना संघ त्यांना शाल घालत होता. मास्तर डोळे पुसत म्हणत होते, "मरेन, पण हा संघ सोडणार नाही." तेवढ्यात शिदू दारातून खणखणीत ओरडला, "मास्तर, आमच्याकडं यायचं तुमचं ठरलंय न्हवं? चला की!"

शाल परत घेतली गेली. मास्तरांनी शिदूला वेशीपर्यंत पळवत नेलं.

आण्णांनी कपाळाला हात लावला. "अरं खुळ्या, असली गोष्ट बाजूला नेऊन हळूच कानात सांगायची!"

"बरं. आता तसंच करतो."

दुसऱ्या होत्या हौसाताई. एकेकाळी राज्यातर्फे खेळलेल्या. त्या दिवशी त्या नवऱ्यासोबत बाजारात वांगी घेत होत्या. शिदूने खुणेनं त्यांना बाजूला बोलावलं आणि कानाशी लागून कुजबुजला, "हे समदं सोडा अन् माझ्यासंगं चला. मालकास्नी कळू देऊ नका."

मालक दोन पावलांवरच उभे होते. शिदू गावात आला तेव्हा त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा लांब दिसत होता.

"गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!" आण्णा म्हणाले. "परक्या बाईमाणसाच्या कानाला लागतात व्हय? आधी 'ताई' म्हणायचं. कुंकू लावायचं, खणानारळानं ओटी भरायची, मग इषय काढायचा!"

"बरं. आता तसंच करतो."

तिसरे होते सुभेदार ढमाले. पल्लेदार मिशा, दारासारखी छाती, समोर वीस पोरं जोर काढताहेत. शिदू गेला, वाकला. "ताई, जरा बसा," म्हणाला. सुभेदार चक्रावून बसले. शिदूने त्यांना कुंकू लावलं, मांडीवर खण ठेवला, नारळ ठेवला, वर मूठभर तांदूळ. पोरं जोर काढता काढता जमिनीवर लोळली.

नारळ परत आला, तो शिदूच्या पाठीवर.

आता आण्णांचा धीर सुटला. जत्रा दोन दिवसांवर. "मिशीवाल्याची ओटी भरलीस? आता शहाणपणा नको. मार्गदर्शक दिसला की गपकन पाय धर. 'हो' म्हणेपर्यंत सोडू नको. बास!"

"बरं. आता तसंच करतो."

पण पाय धरायला माणूसच मिळेना. जत्रा उजाडली. त्यात एका गड्याचा घोटा मुरगळला, तेव्हा सातवा गडी म्हणून शिदूलाच उभं केलं. अख्खं गाव मैदानाभोवती लोटलं होतं.

शेवटची चढाई. हिवरखडा दोन गुणांनी मागे. कप्तान यशवंता "कबड्डी, कबड्डी" करत पलीकडे शिरला, तसे आण्णा हळहळून म्हणाले, "उगा गावं पालथी घातली. ह्या यशवंतालाच मार्गदर्शक करायला हवा हुता!"

शिदूने ते ऐकलं.

यशवंताने एकाला शिवलं, दुसऱ्याला शिवलं, तिसऱ्याला शिवलं. गाव नाचायला लागलं. यशवंता वळला, मध्यरेषेकडे झेपावला. एक हात अंतर उरलं होतं. तेवढ्यात शिदूने रेघेपलीकडे सूर मारला आणि गपकन त्याचे दोन्ही पाय धरले.

"मार्गदर्शक व्हा! हो म्हणा!"

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी," यशवंता डोळे वटारून म्हणाला.

"कबड्डी नगं, हो म्हणा!"

"कबड्डी, कबड्डी..." यशवंताने लाथा झाडल्या. मध्यरेषा बोटभर दूर. पलीकडच्या संघाला काहीच करायचं नव्हतं, ते कमरेवर हात ठेवून बघत होते. पंचांनाही सुचेना, कारण आपल्याच गड्याला धरू नये असं नियमात कुठं लिहिलेलं त्यांना आठवेना. आण्णा "सोड, सोड!" म्हणून ओरडले. पण शिदूला पक्कं ठाऊक होतं, 'हो' आल्याशिवाय सोडायचं नाही.

यशवंताचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला.

"हो रं बाबा, हो! सोड आता!"

शिट्टी वाजली. दम तुटला, यशवंता बाद, सामना गेला, संघ गेला, मैदान गेलं.

शिदू धुळीतून उठला आणि दोन्ही हात वर करून धावत आण्णांकडे आला.

"आण्णा, हो म्हणाले! उद्यापासनं सराव!"