राजाचा घोडा आणि जिलब्यांचं ताट

राजा उदयभान तोंडावरच्या मुरमांनी हैराण झाला होता. राजवैद्य गिरिजाबाईंनी स्पष्टच सांगितलं, "महाराज, रोजची जिलबी-बासुंदी बंद करा."

राजाच तो, ऐकून कसा घेईल? "मुरमं तोंडावर आहेत, पोटात नाहीत," तो गरजला. "खाण्याचा आणि कातडीचा काय संबंध? लेप लावा. दिवाळीपर्यंत चेहरा साफ झाला नाही, तर राज्य सोडून चालू लागा."

गिरिजाबाई लेप देऊन निघून गेल्या.

राजाचा सगळा जीव त्याच्या काळ्या घोड्यात. घोड्याला हरभऱ्याची चंदी तो रोज स्वतः निवडून घालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तबेल्यात येऊन बघतो, तर गिरिजाबाई घोड्यापुढे जिलब्यांचं ताट धरून उभ्या.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला? असलं खाऊन त्याच्या कातडीची सगळी चकाकी जाईल."

गिरिजाबाईंनी ताट तसूभरही मागे घेतलं नाही. दुसऱ्या हातातली वाटी तेवढी पुढे केली.

"खाऊ द्या की, महाराज. लेप आणलाय मी."

त्या दुपारी राजाच्या पानात भाकरी आणि मुगाचं वरण होतं. तसं वाढायला त्यानेच सांगितलं होतं.