नऊ दिवस शोधूनही न सापडलेला शब्द

"पुस्तकात तो शब्द दाखवा, नाहीतर रविवारच्या आत संस्थान सोडा!"

भैरवगडच्या महाराजांनी आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या ख्रिस्ती धर्मगुरूंना, भर दरबारात बजावलं. पाळकसाहेबांची चूक एवढीच, की राजवाड्यावर फराळाला गेले असताना बोलता बोलता ते 'त्रैक्य' म्हणून गेले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे मिळून देव एकच. झालं! महाराजांनी आमचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मागवलं, चार कारकून नऊ दिवस बसवले. शब्द काही सापडेना. आणि महाराजांचा नियम तर सगळ्या गावाला पाठ : जे लिहिलेलं नाही, ते नाही!

मी मार्था, पाळकसाहेबांची शेजारीण. मला दरबारात कुणी बोलावलं नव्हतं. पण कुंपणापलीकडे काय चाललंय ते कळल्याशिवाय मला भाकरी गोड लागत नाही, म्हणून गेले. सोबत शलोमी होती. ही आमचं प्रार्थनामंदिर झाडणारी, माळ्याची मुलगी. तिला अक्षरओळख पाळकसाहेबांनीच करून दिलेली, त्यामुळे पोरीचा चेहरा पार उतरलेला.

पाळकसाहेबांनी ओळ दाखवली. "हे पाहा महाराज, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या, असं आहे."

"नावं तीन दिसली. एक कुठंय?" महाराजांनी कारकुनांनी खूण घातलेलं पान उघडलं. "आणि इथं पुत्र स्वतःच म्हणतो, पिता माझ्यापेक्षा थोर आहे!"

"त्याचा अर्थ असा, महाराज..."

"अर्थ नको. शब्द दाखवा!"

पाळकसाहेब खोटं बोलणाऱ्यातले नव्हेत. मान खाली घालून म्हणाले, "शब्द नाही, महाराज."

तेवढ्यात माझी जीभ सुटली. "अहो, सोपं आहे! चुलीचे दगड तीन, पण चूल एकच!"

"असं? म्हणजे एक दगड काढला की देव लवंडतो?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मी तरी गप्प बसावं की नाही? "बरं, मग पाणी घ्या! पाणी, बर्फ आणि वाफ. तीन रूपं, पण पाणीच!"

महाराजांनी खुणेचं आणखी एक पान काढलं. "नदीवर पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याचा आवाज आकाशातून. तिघेही एकाच वेळी हजर! तुमचं पाणी एका वेळी तीन होतं का, बाई?"

"मार्थाबाई," पाळकसाहेब कळवळून कुजबुजले, "रविवारपर्यंत मुदत होती हो! तुम्ही आजच गाडी जुंपायला लावाल."

मी पदर तोंडात कोंबला. तेव्हा शलोमी पुढे झाली.

"महाराज, दसऱ्याला भाट वाचतात ती आपली वंशावळ मागवता का?"

ती वंशावळ आम्ही दर दसऱ्याला उन्हात उभं राहून ऐकतो. तीस वर्षं ऐकतेय मी. पण माझं सगळं लक्ष पुढच्या बाईच्या लुगड्याच्या काठाकडे!

भाट आला, गुंडाळी उलगडून खड्या आवाजात सुरू झाला, "उदाजीरावांचे पुत्र फिरंगोजीराव, फिरंगोजीरावांचे पुत्र संताजीराव..." चौदा पिढ्या झाल्या आणि गाडी श्रीमंत महाराजांवर येऊन थांबली.

"काका, यात 'आई' हा शब्द कुठंय?" शलोमीने विचारलं.

भाटाने गुंडाळी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. "नाही बुवा."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग महाराज, जे लिहिलेलं नाही, ते नाही. आपल्याला आई नाही!"

दरबार गारठला. सिंहासनामागे बारीक कामट्यांचा, चिकाचा पडदा होता आणि पडद्याआड आईसाहेब सकाळपासून बसलेल्या. बांगड्या खणखणल्या.

"बोला चिरंजीव! आहे की नाही?"

महाराजांना घाम फुटला. "अगं, पुत्र म्हटलं की आई आलीच! ते काय वेगळं लिहावं लागतं?"

"पाळकसाहेबही तेच म्हणतात, महाराज. शब्द नाही, पण वाचलं की दिसतं."

महाराजही कच्चे नव्हते. "आई मी डोळ्यांनी पाहिलीय, पोरी. हे मला पुस्तकात दिसलंच नाही, तर?"

"तर खुशाल घालवा त्यांना! पण कारकुनांनी नुसता शब्द शोधला, पुस्तक कुठं वाचलं? आपण स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा आणि मग निकाल द्या. अडलं तर विचारायला तोवर पाळकसाहेब इथंच लागतील."

आता, महाराजांचं वाचन सगळ्या संस्थानाला ठाऊक! ओळीखाली बोट ठेवून दिवसाला अर्धं पान, आणि त्यातही मध्ये एक डुलकी.

पडद्याआडून आधी आईसाहेबच हसल्या. "म्हणजे पाळकसाहेबांना नातवंडं होतील इथं!" मग महाराज असे हसले, की पागोटं कानावर आलं.

शलोमीला शालजोडी मिळाली. शिवाय वंशावळीत चौदाही आयांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिण्याचं काम आईसाहेबांनी तिलाच दिलं.

आणि मला? "या बाईंना चुलीचे तीन घडीव दगड द्या," महाराज म्हणाले, "आणि पुढच्या वेळी दरबारात येण्याआधी त्यांवर भात शिजवून या म्हणावं!"

दगड झकास आहेत. भात छान शिजतो. एकदा एक दगड काढून पाहिला. खरंच लवंडला!