हंडाभर पाण्याची परीक्षा

डोंगरांनाही आपलं वय आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका थंड राज्यात घरांच्या भिंती लाकडाच्या असत, चुली लोखंडाच्या असत आणि चुलीचा धूर लोखंडी नळीतून भिंतीपलीकडे जाई.

तिथे एक सुतार होता. त्याने जोडलेल्या लाकडांच्या सांध्यात केससुद्धा शिरत नसे, आणि हे तो स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार म्हणून त्याने नवी खोली बांधली. नळी बसवायच्या वेळी त्याने म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं.

गवंडी म्हणाला, "नळीभोवती चहूबाजूंनी वीतभर लाकूड काप. मधे दगड नि माती भर. वरून पत्र्याची चकती लाव, म्हणजे दिसेलही नीट."

"वीतभर भगदाड? माझ्या भिंतीला?" सुताराला हसू आवरेना. "बाबा, लोक तोंडावर हसतील माझ्या!"

त्याने नळीच्याच मापाचं भोक पाडलं आणि भोवती वेलबुट्टी कोरली. नळी भिंतीतूनच उगवल्यासारखी दिसू लागली.

गावात एक रीत होती. नव्या चुलीवर हंडाभर पाणी ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत नळी बसवणाऱ्याने नळीशेजारी भिंतीला तळहात टेकवून उभं राहायचं. हात टिकला, तरच चूल वापरायची. सुताराने दोनच काटक्या पेटवल्या, तांब्याभर पाणी ठेवलं आणि भिंतीला हात टेकवला.

"हंडा ठेव की रे," गवंडी म्हणाला.

"पाणी उकळलं ना? मग झालं!"

लोकांनी वेलबुट्टीची वाहवा केली. गवंडी काठी टेकत घरी गेला.

लेक आली, तिला मुलगी झाली. मायलेकींच्या अंघोळीसाठी चुलीवर रोज हंडा चढू लागला. आतलं लाकूड रोज थोडं वाळत होतं, थोडं काळं पडत होतं. वेलबुट्टीआड ते कुणाला दिसणार?

दहाव्या दिवशी सकाळी सुतार अंगणात रंधा मारत होता. आतून लेकीची हाक आली, "बाबा, भिंत धुमसतेय!"

तो आत धावला. कोरलेल्या पानापानांतून धूर येत होता. लेकीला खाटेवरून उठवत नव्हतं, कुशीत तान्ही पोर होती. त्याने भिंतीला हात लावला आणि तळहाताची सालं निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतका घाबरला. त्याने दोघींना कसंबसं बाहेर काढलं, चुलीवरचा हंडा उचलून भिंतीवर ओतला आणि स्वतःच्या हातची वेलबुट्टी कुऱ्हाडीने फोडली. मागच्या फळ्यांचे निखारे झाले होते.

खोली वाचली. गवंडी आला. तो टाकून बोलला नाही, त्याने फक्त वीत धरून माप दाखवलं. सुताराने लाकूड कापलं, गवंड्याने दगड-माती भरली, वर पत्र्याची चकती बसली.

"गावातला सगळ्यात मोठा हंडा आणा," सुतार म्हणाला.

उजव्या हाताला फडकं होतं, म्हणून त्याने डावा हात टेकवला. पाणी खळखळा उकळलं, तरी भिंत गारच होती. नातीला मांडीवर घेऊन तो सगळ्यांदेखत रडला.

पुढे कुणी नळीभोवती फट नको म्हणून हटून बसलं, की तो आपला उजवा तळहात उघडून दाखवी आणि मगच करवत हातात घेई.

तात्पर्य: जिथून आग जाते, तिथे राखलेलं अंतर हीच कामाची खरी सफाई.