वेणीतले बी

शूर्पारक नगरात राजा महासेन राज्य करीत होता. त्याच्या राज्याचे बारावे वर्ष, आश्विन शुद्ध द्वितीया, पाऊस नुकताच ओसरलेला. त्या काळी बोधिसत्त्व त्याच नगरात न्हाव्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. राजापासून कोळ्यापर्यंत सगळ्यांची डोकी त्याच्या हाताखालून जात. डोळे मिटून हात फिरवला तरी डोके कोणाचे ते तो सांगे. याचा त्याला गर्व होता.

त्या दिवशी पश्चिम समुद्रापलीकडून एक गलबत धक्क्याला लागले. त्यात हस्तिदंत होता, ऊद होता आणि पाच काळ्या स्त्रिया होत्या. गलबताच्या मालकाने त्या राणीच्या महालासाठी विकल्या. त्यांतली थोरली अंबरो. तिला बंदराची बोली येत होती.

पाचही जणींचे केस दाट आणि कुरळे होते. अंबरोने मात्र बारीक वेण्या घातल्या होत्या. शेतातल्या नांगराच्या तासांप्रमाणे त्या कपाळापासून मानेपर्यंत डोक्याला घट्ट चिकटून गेल्या होत्या. वरून लोणी आणि गेरूचा जाड लेप होता. असे काम सोमिलने कधी पाहिले नव्हते. तरी त्याने काही विचारले नाही.

महालाची व्यवस्था पाहणारा म्हातारा कंचुकी नाकाला उपरणे लावून उभा होता. तो म्हणाला, "सोमिल, ही पाच डोकी गुळगुळीत कर. असल्या जटा महालात चालायच्या नाहीत."

आधी डोके भिजवायचे, मग वस्तरा लावायचा, अशी न्हाव्याची रीत. सोमिलने अंबरोच्या डोक्यावर रिठ्याचे पाणी ओतले आणि लेप खरडून धुतला.

ती किंचाळली. "पाणी नको! कापायचे तर कोरडे काप. पाणी नको!"

लोक हसले. एक कोळीण म्हणाली, "अग बाई, समुद्र ओलांडून आली आणि तांब्याभर पाण्याला भिते!"

सोमिलही हसला. त्याने वस्तरा लावला. करकर असा आवाज झाला आणि धार तुटली. वाळू अडकली असेल, असे त्याला वाटले. तो कंचुकीला म्हणाला, "हे डोके मुरायला हवे. ओले फडके बांधून ठेवा, सुकू देऊ नका. तिसऱ्या दिवशी पाचही डोकी उरकतो."

अंबरोने ते फडके दोनदा काढून फेकले. तेव्हा पहारेकऱ्यांनी तिचे हात बांधले.

तिसऱ्या दिवशी अंगणात गर्दी जमली. सोमिलने फडके सोडले आणि त्याचा हात तसाच राहिला.

तिच्या डोक्यावर शेत उगवले होते. प्रत्येक वेणीतून हिरवे, सुईसारखे कोंब वर आले होते.

कोळणीच्या हातून टोपली पडली. पहारेकरी मागे सरला. कंचुकी खाली बसला.

राजा आला. तोही थबकला. मग म्हणाला, "ही राक्षसीण आहे. सोमिल, हिचे केस मुळासकट उतरव. मग हिला जाळू. तुला एक गाव देतो."

सोमिलने एक कोंब बोटांनी चाचपला. खाली मोहरीएवढा तांबडा दाणा होता, फुटलेला. वस्तरा कशावर अडला ते त्याला आता कळले. चाळीस वर्षे केसांना लावलेला आपला हात आंधळा होता, हेही कळले.

"बाई, हे काय आहे?" त्याने विचारले.

"बियाणे," अंबरो म्हणाली. ती बंदराच्या बोलीत बोलत होती, राजाला ती बोली कळत नव्हती. "आमच्याकडे लेक दूर जाते तेव्हा आई तिच्या वेण्यांत घरचे बी विणते. वर लोणी लावते, पाणी शिरू नये म्हणून. माणसे हातातले घेतात, कमरेचे घेतात. डोक्यात कोणी शोधत नाही. माझी आई गेली. तिच्या हातचे एवढेच उरले होते. सबंध समुद्रात मी ते भिजू दिले नाही. ते तू भिजवलेस."

"काय म्हणते ती?" राजाने विचारले.

सोमिलपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसला तर गाव मिळत होते. बोलला तर राजाला जमलेल्या लोकांसमोर खोटे पाडावे लागत होते. तो म्हणाला, "महाराज, ही राक्षसीण नाही. हे धान्य आहे. पाणी मी ओतले, फडके मी बांधायला लावले. ती नको म्हणत होती, मी हसलो. दोष माझा आहे."

"म्हणजे मी मूर्ख?"

"मूर्ख मी, महाराज. पौष पौर्णिमेपर्यंत याला कणीस आले नाही, तर हिच्याबरोबर मलाही जाळा."

हे ऐकून राजा पुन्हा थक्क झाला. त्याने मुदत दिली.

कोंब लगेच मातीत जायला हवे होते. सोमिल अंबरोला घरी घेऊन आला आणि त्याने मुळाकडून फणी घातली. अंबरोने त्याच्या हातावर चापट मारली.

"मुळाकडून ओढतात होय? टोकाकडून धर. आधी हाताला लोणी लाव."

सोमिलची बायको रेवती दारातून म्हणाली, "अहो, गावभर मिरवता ना, केसांतले आपल्याला सगळे कळते म्हणून? खा आता चापट!"

त्याने लोणी घेतले. टोकाकडून एक एक पेड सोडवत तो वर सरकला. घाई केली की कोंब तुटे. राग आला की बोट अडके. त्याच्या ध्यानात आले की आपण आजवर केस फक्त कापले, सोडवले कधीच नाहीत. माझे कौशल्य, माझे कौशल्य, असे म्हणत ज्याला धरून बसलो, ते माझे नव्हतेच. ती गाठही त्या दिवशी सैल झाली.

परसात त्याचा भाजीचा वाफा होता. घर त्यावर चाले. त्याने भाजी उपटली आणि तिथे कोंब लावले. रेवतीने कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी पाणी घालायला तीच पहाटे उठली. बहुतेक कोंब मेले, सतरा जगले.

पौष पौर्णिमेला राजा परसात आला. सतराही रोपांना कणसे धरली होती, मिटलेल्या मुठीसारखी. राजाने एक मूठ उलगडून पाहिली. आत तांबडे दाणे. तो तिथेच बांधावर बसला.

"मी हिला जाळणार होतो," तो म्हणाला. बराच वेळ तो एवढेच म्हणत राहिला. मग त्याने पाचही जणींना मोकळे केले. वारा पश्चिमेकडे फिरला होता. त्याने त्यांना गलबत दिले.

त्या जन्मीचा राजा महासेन म्हणजे आज आपल्या संघात बसलेला भिक्षू सुभग. रेवती म्हणजे विहाराला रोज पेज आणणारी उपासिका शामा. अंबरो म्हणजे भिक्षुणी कृष्णा. संघात येताना तिने आपले केस आपल्याच हाताने उतरवले, कोणाला पाणी ओतू दिले नाही. आणि सोमिल न्हावी तो मीच होतो, असे आता बुद्ध झालेल्या शास्त्याने भिक्षूंना सांगितले. आपली चूक भर सभेत आपल्या तोंडाने सांगणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.

त्या जन्मी गलबत सुटायच्या आधी अंबरो धक्क्यावर सोमिलसमोर पाठ करून बसली. सोमिलने परसातल्या कणसांचे दाणे वाटीतून घेतले. हाताला लोणी लावले. पाण्याचा तांब्या दूर सारला. एक एक दाणा पेडात घालत त्याने कपाळापासून मानेपर्यंत सगळ्या वेण्या विणल्या, वर गेरू लिंपला आणि शेवटची गाठ मारली. ऋण फिटले.